बिनपगारी पलटण

आज जालना जिल्ह्यात असलेले हसनाबाद १९४७ साली निजामाच्या औरंगाबाद जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात होते. १५ ऑगस्टला देश स्वतंत्र झाला, पण इथे निजामाचाच अंमल राहिला. पलीकडे बुलढाणा जिल्ह्याची शीव ओलांडली, की स्वतंत्र हिंदुस्थान लागे!

या लांबलचक सरहद्दीवर ठिकठिकाणी स्टेट काँग्रेसचे कँप उभे राहिले. विद्यार्थी, शिक्षक, शेतकऱ्यांची पोरे त्यांत दाखल झाली. पगार नव्हता, गणवेश नव्हता. करोडगिरीची नाकी जाळावीत, रझाकारांशी झुंजावे, हे त्यांचे काम. समोरचे रझाकारही स्वयंसेवकच. त्यांचा पुढारी कासीम रझवी लातूरचा वकील. एकाच मुलखाची माणसे एकमेकांवर उठली होती.

३० जानेवारी १९४८ रोजी उमरखेड कँपच्या तरुणांनी नांदेडकडील उमरीची बँक लुटली. सुमारे २० लाख रुपये हाती आले. ज्यांच्या खिशात दमडी नव्हती, त्या पोरांनी त्या पैशाचा हिशेब चोख ठेवला.

१३ सप्टेंबरला हिंदी फौजा संस्थानात शिरल्या. १७ तारखेला निजाम शरण आला. रझाकारांचे अत्याचार संपले, पण त्यांचा सूड अनेक गावी निरपराध मुसलमान शेजाऱ्यांवर उगवला गेला. सुंदरलाल समितीच्या अंदाजाने संस्थानात २७,००० ते ४०,००० माणसे प्राणास मुकली.

रुपयांचा हिशेब जुळला, माणसांचा जुळला नाही. लक्ष्मीपूजनाला नवी चोपडी पुजताना ही जुनी बाकीही स्मरावी.