काळा रंग आणि सरतान

उर्दूत कॅन्सरला सरतान म्हणतात, मराठीत कर्करोग. दोन्ही शब्दांच्या मुळाशी खेकडाच आहे. इब्न सीनासारख्या हकिमांनी या रोगाचं कारण ‘सौदा’ म्हणजे काळ्या पित्तात शोधलं. काळं पित्त पुढे वैद्यकातून गेलं, पण एका कॅन्सरचा काळेपणा डोळ्यांना दिसतच राहिला. पुढे स्टेथोस्कोप शोधणाऱ्या फ्रेंच डॉक्टर लेनेकने १८०४ मध्ये काळ्या गाठींच्या या आजाराचं वर्णन केलं. १८३८ मध्ये कार्सवेलने त्याला मेलॅनोमा हे नाव दिलं.

त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा हा कॅन्सर. मग त्या पेशींचं रंग बनवणं आणि त्यांचं बिघडणं, यांचं नातं काय? ते तपासायला पेशी शरीराबाहेर, काचेच्या बशीत जगवाव्या लागल्या. १९५४ मध्ये अमेरिकेच्या जॅक्सन लॅबोरेटरीत एका काळ्या उंदराला गाठ आली. तिच्या पेशी ‘बी-१६’ या नावाने पुढे अनेक प्रयोगशाळांत वाढवल्या गेल्या.

१९७० मध्ये न्यूयॉर्कच्या सेल्मा सिलागी आणि त्यांच्या सहकारी ब्रूस यांनी बी-१६ पेशींच्या खाद्यात ब्रोमोडिऑक्सियुरिडिन मिसळलं. हा पदार्थ डीएनएच्या एका घटकासारखा दिसतो आणि त्याच्या जागी जाऊन बसतो. पेशी मेल्या नाहीत. त्या चपट्या झाल्या, त्यांचा रंग गेला, आणि उंदरांना टोचल्यावर गाठही होईना. मग तो पदार्थ काढून त्यांना साध्या खाद्यात वाढवलं, तर रंग परत आला. गाठ करण्याची ताकदही परत आली.

मला यातलं हे परतणंच महत्त्वाचं वाटतं. कॅन्सरची खोड पेशीतून पुसली गेली नव्हती, फक्त दबली होती. पेशी जिवंत ठेवूनही ती दाबता येते, हे इथे दिसलं.

पण दोन्ही गुण एकत्र गेले, म्हणून रंगच दोषी ठरवायचा का? (काळ्या रंगावर ठपका ठेवायची घाई आपल्याला फार!) निरोगी त्वचाही रोज तेच मेलॅनिन बनवते, आणि उन्हापासून आपल्याला वाचवते. उलट काही मेलॅनोमा जवळजवळ बिनरंगी असतात, गुलाबी फोडासारखे. ते कमी घातक नसतात. काळं काही दिसत नाही, म्हणून ते बऱ्याचदा उशिरा ओळखले जातात.