हा गेंडा सॅन फ्रान्सिस्कोला कुणी आणला? एका सभासद मंडळाची गोष्ट

मागच्या सत्रात आमच्या विभागात माझं प्रगती-सादरीकरण होतं. जुन्या ब्राँझवर चढणारे गंजाचे थर हा माझा विषय. स्पेक्ट्रा व्यवस्थित होते, आलेख देखणे होते, एरर बारसुद्धा न विसरता टाकले होते. सगळं संपल्यावर बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला, "हा तुकडा मूळचा कुठला?"

मी म्हटलं, "सर, लॅबच्या कपाटातला."

हॉलमध्ये हशा पिकला. मीही हसलो, पण नंतर ते उत्तर डोक्यातून जाईना. तांबं किती, कथील किती हे मी दशांश चिन्हानंतरच्या दोन आकड्यांपर्यंत सांगू शकत होतो. तो तुकडा माझ्या टेबलापर्यंत आला कसा, याबद्दल मात्र एक वाक्यही बोलता येत नव्हतं. आपण विज्ञानवाले नमुना म्हणजे सुरुवात समजतो. इतिहासवाल्यांसाठी तो एका लांब प्रवासाचा शेवट असतो.

म्हणून आज रसायनशास्त्र बाजूला ठेवतो आणि एका प्रसिद्ध ब्राँझचा प्रवास सांगतो. पीएच.डी.च्या तयारीत असलेल्यांना प्रश्न कसा विचारायचा, हे यातून थोडंफार कळेल अशी आशा आहे.

गेंडा आणि त्याचा क्रमांक

सॅन फ्रान्सिस्कोच्या एशियन आर्ट म्युझियममध्ये ब्राँझचा एक गेंडा आहे. उंची साधारण वीतभर. चीनमधल्या शांग राजवटीच्या अखेरच्या काळातलं, म्हणजे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचं हे मद्य ठेवायचं विधीपात्र. त्या काळातली बहुतेक पात्रं नक्षीने गच्च भरलेली असतात. हा गडी मात्र अगदी साधा, गुबगुबीत आणि जिवंत वाटणारा. पात्राच्या आत लेख आहे. याच संग्रहालयात सोन्याचा मुलामा दिलेली एक छोटी बुद्धमूर्ती आहे, तिच्यावर इ.स. ३३८ ही तारीख आहे. तारीख नोंदवलेल्या चिनी बुद्धमूर्तींपैकी ज्ञात असलेली ही सर्वात जुनी.

दोन्ही वस्तूंचे नोंदणी क्रमांक 'बी६०'ने सुरू होतात. 'बी' म्हणजे ब्रंडेज, '६०' म्हणजे १९६०. क्रमांक वाचायला शिकलात की अर्धा इतिहास तिथेच सापडतो. देणारा कोण आणि वर्ष कोणतं, हे कळलं.

एव्हरी ब्रंडेज हे शिकागोतले बांधकाम व्यावसायिक. १९५२ ते १९७२ अशी वीस वर्षं ते आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष होते. १९३५-३६च्या हिवाळ्यात लंडनला चिनी कलेचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. ते पाहून त्यांना आशियाई कलेचं वेड लागलं आणि पुढची कित्येक वर्षं ते वस्तू गोळा करत राहिले. सॅन फ्रान्सिस्कोला त्यांच्याकडून एकूण ७,७००हून जास्त वस्तू मिळाल्या.

आता बहुतेक माहितीपत्रकं इथेच थांबतात. श्रीमंत माणसाने संग्रह दिला, शहराने घेतला, गोष्ट संपली. पण शिकागोतल्या माणसाने संग्रह सॅन फ्रान्सिस्कोला का दिला? दान द्यायला दाता लागतो तसा मागणाराही लागतो. तो मागणारा कोण होता?

मागणारे

१९५८ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या काही नागरिकांनी 'सोसायटी फॉर एशियन आर्ट' नावाचं मंडळ काढलं. उद्देश सरळ होता. ब्रंडेज यांचा संग्रह आपल्या शहरात आणायचा. मंडळी कलाप्रेमी होती, त्यातली काही चांगली वजनदार होती. कॅथरीन कॉल्डवेल यांच्यासारख्या आशियाई कला शिकवणाऱ्या प्राध्यापिकाही त्यात होत्या. १९५९मध्ये ब्रंडेज यांनी संग्रहाचा काही भाग शहराला द्यायचं कबूल केलं, पण अट घातली. वस्तू ठेवायला योग्य इमारत शहराने बांधून द्यावी.

इमारत म्हणजे पैसा. पैसा शहराचा, म्हणजे लोकांचा. त्यासाठी २७ लाख २५ हजार डॉलरचे कर्जरोखे काढायचं ठरलं आणि १९६०मध्ये तो प्रस्ताव मतदानाला गेला. इथे एक तांत्रिक तपशील महत्त्वाचा आहे. कॅलिफोर्नियात एखाद्या शहराला असे कर्जरोखे काढायचे तर साधं बहुमत पुरत नाही, दोन तृतीयांश मतं लागतात. म्हणजे शंभरातल्या चौतीस जणांनी "आम्हाला काय करायचीय चिनी भांडी?" म्हटलं असतं, तरी खेळ खलास.

प्रस्ताव मंजूर झाला. विचार करा, त्या मतदारांपैकी कितीजणांनी शांग काळातलं ब्राँझ कधी पाहिलं असेल? दोन वर्षांपूर्वी जन्मलेल्या मंडळाला आपली आवड ही शहराची गरज आहे, असं लोकांना पटवून द्यावं लागलं. ब्रंडेज यांच्याकडे वस्तू होत्या, पण दोन तृतीयांश मतं कुणाच्याच तिजोरीत नसतात.

गोल्डन गेट पार्कमधल्या डी यंग संग्रहालयाला जोडून नवी इमारत उभी राहिली आणि जून १९६६मध्ये ती खुली झाली. मधल्या काळात, १९६४मध्ये, ब्रंडेज यांच्या सँटा बार्बराजवळच्या घराला आग लागली आणि तिथे ठेवलेल्या बऱ्याच कलावस्तू गेल्या. 'योग्य इमारत' ही अट म्हणजे श्रीमंतांचे नखरे नव्हते, हे यावरून लक्षात येतं.

१९६९मध्ये ब्रंडेज यांनी आणखी वस्तू दिल्या आणि या संग्रहाचा कारभार वेगळ्या मंडळाकडे आला. १९७५मध्ये ते वारले आणि उरलेला संग्रह मृत्युपत्रानुसार शहराला मिळाला.

संग्रह आला, मग मंडळ का राहिलं?

मला सगळ्यात रस वाटला तो या प्रश्नात. १९५८चा उद्देश काही वर्षांत पूर्ण झाला होता. मंडळ बरखास्त करून सगळे घरी जाऊ शकले असते. पण सोसायटी आजही आहे.

कारण वस्तू आणणं एक आणि त्या समजणारी माणसं तयार करणं वेगळं. हजारो वस्तू कपाटात आल्या, पण गेंड्यासमोर उभं राहून त्याच्याबद्दल दोन वाक्यं बोलणारं कुणी नसेल तर ते भांडंच. म्हणून व्याख्यानमाला, अभ्यासगट, सहली, ग्रंथालयाला मदत असं काम सुरू राहिलं. संग्रहालयात लोकांना वस्तू समजावून सांगणारे स्वयंसेवक तयार करण्याचं कामही साठच्या दशकातच सुरू झालं. सभासद वर्गणी भरतो आणि बदल्यात काय मिळतं? मुख्यतः शिकायला मिळतं. वर्गणी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर गणपतीचं पावतीपुस्तक येतं. इथली पावती जरा वेगळी. त्या पैशातून लोक स्वतःलाच शहाणं करून घेतात आणि त्या शहाणपणाचा फायदा संग्रहालयाला होतो.

आपल्याकडेही १९१०मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं तेव्हा सरकारी तिजोरी नव्हती. कागद जमवणारी आणि ते वाचून दाखवणारी माणसं होती. अशा संस्थांचा इतिहास लिहिताना आपण राजवाड्यांसारखी मोठी नावं लिहितो. सभेला येऊन मागच्या बाकावर बसणारे सभासद राहून जातात. पण श्रोते नसते तर निबंध वाचला कुणासमोर असता?

न विचारलेला प्रश्न

इथपर्यंत वाचून वाटेल, किती छान गोष्ट. मलाही तसंच वाटलं होतं. मग दोन गोष्टी समोर आल्या.

पहिली गोष्ट शहराची. अमेरिकेने १८८२च्या कायद्याने चिनी मजुरांना देशात यायला बंदी केली होती. ती १९४३पर्यंत टिकली. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल आयलंडवर १९१० ते १९४० या काळात आशियातून आलेल्या माणसांना अडकवून त्यांची उलटतपासणी व्हायची. बंदी उठल्यानंतर पंधरा वर्षांनी त्याच शहरात चिनी ब्राँझ आणण्यासाठी मंडळ निघतं. हा बदल चांगलाच म्हणायचा. पण वस्तूचं स्वागत झालं म्हणून माणसाचं झालं असं आपोआप होत नाही. खुद्द ब्रंडेज यांच्या वर्णद्वेषी आणि ज्यूद्वेषी विचारांमुळे संग्रहालयाने २०२०मध्ये त्यांचा अर्धपुतळा दर्शनी जागेतून हलवला. बी६० हा क्रमांक मात्र तसाच आहे, आणि माझ्या मते तो तसाच राहायला हवा. पुतळा सन्मानासाठी असतो, क्रमांक पुरावा असतो.

दुसरी गोष्ट दगडांची. या संग्रहात थायलंडमधल्या मंदिरांचे दोन उत्तरंग होते. उत्तरंग म्हणजे दाराच्या चौकटीवरची आडवी कोरीव शिळा. एक बुरीराम प्रांतातल्या नोंग होंग मंदिराची, तिच्यावर यम कोरलेला. दुसरी सा काएओ प्रांतातल्या खाओ लोन मंदिराची. दोन्ही साधारण हजार वर्षं जुन्या आणि वजन प्रत्येकी जवळपास ६८० किलो. त्या संग्रहात आल्या १९६६ आणि १९६८मध्ये. अशा वस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर नेण्यावर थायलंडने १९६१मध्येच कायद्याने बंदी घातली होती.

६८० किलोची शिळा कुणी खिशात घालून नेत नाही. ती दारावरून उतरवावी लागते, गाडीत चढवावी लागते, बंदरावर कागद दाखवावे लागतात. तरीही पन्नास वर्षं ती काचेपलीकडे 'कलाकृती' म्हणून उभी राहिली. ऑक्टोबर २०२०मध्ये अमेरिकी सरकारने या शिळांसाठी दिवाणी दावा दाखल केला, फेब्रुवारी २०२१मध्ये तडजोड झाली आणि त्याच वर्षी मे महिन्यात दोन्ही शिळा थायलंडला परत गेल्या.

यात सभासदांचा दोष काढायचा का? मला तसं वाटत नाही. त्यांनी त्या शिळा विकत घेतल्या नव्हत्या, आणि सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराबद्दलचा युनेस्कोचा करारच १९७०चा. पण एक गोष्ट खरी. 'सुंदर आहे का?' आणि 'खरी आहे का?' हे दोन प्रश्न त्या काळात सगळे विचारत होते. 'निघाली कशी?' हा तिसरा प्रश्न विचारायची सवयच नव्हती. आणि जिथे सवय नसते तिथे हुशार, प्रामाणिक, कलेवर मनापासून प्रेम करणारी माणसंही तो विचारत नाहीत. माझं "लॅबच्या कपाटातला" हे उत्तर त्याच जातीचं होतं.

आज पाठिंबा म्हणजे काय?

२००३मध्ये हे संग्रहालय शहराच्या मध्यवर्ती भागातल्या जुन्या ग्रंथालयाच्या इमारतीत गेलं. त्यासाठी चोंग-मून ली या कोरियात जन्मलेल्या उद्योजकाने १९९५मध्ये दीड कोटी डॉलर दिले होते. ज्या किनाऱ्यावर एकेकाळी आशियाई माणसांना अडवलं जायचं, तिथे आशियातून आलेल्या माणसाचं नाव संग्रहालयाच्या वास्तूला लागलं. देणारा बदलला, मागणारेही बदलले.

मग अशा मंडळाच्या सभासदाने आज करायचं काय? वर्गणी भरावी, व्याख्यान ऐकावं, हे आहेच. पण मला वाटतं, वस्तूची मालकी कुणाकडून कुणाकडे गेली ती साखळी शोधण्याच्या कामाला पैसे आणि वेळ देणं हासुद्धा कलेला पाठिंबाच आहे. नवी मूर्ती आली की समारंभ करता येतो. जुन्या पावत्या चाळणाऱ्या माणसाच्या पगारासाठी कुणी समारंभ करत नाही. खरी गरज तिथे आहे. आणि कधीकधी त्या चाळण्याचं फळ म्हणजे संग्रहातली एखादी वस्तू कमी होणं. तेही सहन करता आलं पाहिजे.

आता तुमच्यासाठी. पुढच्या वेळी कुठल्याही संग्रहालयात गेलात, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात किंवा पुण्याच्या केळकर संग्रहालयात, तर एकच वस्तू निवडा. वहीत तीन रकाने आखा : कुणी दिली, कुणाला हवी होती, कुठून निघाली. पहिला रकाना पाटीवरूनच भरेल. दुसऱ्यासाठी जुने अहवाल, सभेची इतिवृत्तं, वर्गणीदारांच्या याद्या शोधाव्या लागतील. कंटाळवाणे कागद आहेत, पण संशोधनाचा विषय बहुतेकदा अशाच कागदांत सापडतो. तिसरा रकाना कदाचित कोराच राहील. तो कोरा आहे हे लिहून ठेवा. ती नोंदही संशोधनच आहे.

माझ्या तुकड्याचं काय झालं? कपाटातल्या जुन्या नोंदवहीत शोधतोय. सध्या एका पुसट सहीपर्यंत पोचलोय. प्रबंधात स्पेक्ट्राच्या आधी एक पान वाढणार, एवढं नक्की.