ठाणे खाडीचा प्राणवायू

महाराष्ट्राने पाण्याच्या प्रदूषणाविरुद्ध स्वतःचा कायदा १९६९ मध्ये केला. केंद्राचा १९७४ साली आला. तोवर ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने धूर ओकू लागले होते. खाडीच्या पाण्याची पारख मात्र कोळीवाड्यात त्याआधीपासून होती. जिताडा कुठवर चढतो, निवटीला कसला वास येतो, हे नाखवा जाणून होता. मी त्यालाच पहिली नोंद मानतो.

आम्ही रसायनवाले होडीत न्यायचो ती ३०० मिलीची, काचेच्या बुचाची बाटली. पद्धत हंगेरीच्या लायोश विंकलरची, १८८८ ची. बुडबुडा न अडकता पाणी भरायचं, त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड सोडायचं. प्राणवायू असला तर साका तपकिरी, नसला तर पांढरा. हे होडीतच उरकायचं, कारण प्रयोगशाळेत पोचेपर्यंत पाणी बदलतं. ओहोटीला ठाण्याच्या अंगाला साका पांढुरका पडला की पोटात कालवायचं. भरतीच्या पाण्यात समुद्र मिसळलेला असतो, म्हणून वेळ न लिहिलेला आकडा मी आजही धरत नाही.

२०२२ मध्ये खाडी रामसर स्थळ झाली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण रोहित पक्षी दिसले म्हणजे पाणी सुधारलं, हे मला पटत नाही. लहान रोहित शेवाळावर जगतो, आणि शेवाळ सांडपाण्यावरही पोसतं. मासेमारीच्या पाण्यात लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू हवा, असा केंद्रीय निकष आहे. खाडीच्या वरच्या टोकाला, ऐन ओहोटीत, तोच तपासत राहायला हवा.