रिव्हॉल्वर नव्हे, ब्राउनिंग पिस्तूल!

२१ डिसेंबर आला की नाशिककरांच्या मोबाईलवर हुतात्मा अनंत कान्हेरे यांच्या पोस्ट फिरायला लागतात. चांगलंच आहे. पण बऱ्याच पोस्टमध्ये 'रिव्हॉल्वरमधून गोळ्या झाडल्या' असं असतं. खोटं कशाला बोलू, एकदा बातमीत मीही हेच लिहिलंय. म्हणून आज जरा सविस्तर.

मंडळी, ते रिव्हॉल्वर नव्हतं. ब्राउनिंगचं पिस्तूल होतं. यात एवढं काय, असं वाटेल. पण सगळी गोष्ट त्या फरकावरच उभी आहे.

रिव्हॉल्वरमध्ये गोळ्यांचं फिरतं चाक असतं, त्यामुळे ते मधोमध फुगीर. अमेरिकेच्या जॉन ब्राउनिंगने गोळ्या मुठीतल्या सपाट मॅगझिनमध्ये एकावर एक बसवल्या. पहिल्यांदा स्लाइड हाताने मागे ओढायची. मग चाप दाबला की गोळी सुटते, तिच्याच धक्क्याने स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि पुढे येताना नवी गोळी नळीत भरते. प्रत्येक गोळीला चाप मात्र वेगळा दाबायचा, म्हणून 'सेमी-ऑटोमॅटिक'.

बेल्जियमच्या एफएन कारखान्याने ते बनवायला घेतलं. बेल्जियन लष्कराने इतर पिस्तुलांबरोबर त्याच्या चाचण्या घेतल्या, नळी थोडी आखूड झाली आणि १९०० साली ते लष्करात दाखल झालं. ७.६५ मिमीची गोळी, मॅगझिनमध्ये सात, वजन जेमतेम ६२५ ग्रॅम. स्प्रिंग नळीच्या वर बसवलेली, तीच स्लाइड पुढे आणते आणि तीच टाचणीला ठोका देते. नळी हाताच्या जवळ खाली राहते, म्हणून झटका कमी. अधिकाऱ्यांच्या कमरेसाठी केलेलं हे हत्यार खिशातही मावायचं. २६ ऑक्टोबर १९०९ ला हार्बिन स्टेशनवर कोरियाच्या आन जुंग-गुन यांनी जपानच्या इतो हिरोबुमींवर याच मॉडेलच्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. नाशिकच्या घटनेआधी दोनच महिने!

आता आपल्याकडे या. १८७८ च्या शस्त्र कायद्यामुळे इथे परवान्याशिवाय हत्यार बाळगणं गुन्हा. लंडनहून विनायकराव सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली. इंडिया हाउसचा स्वयंपाकी चतुर्भुज अमीन १९०९ च्या सुरुवातीला मुंबईला निघाला, त्याच्या पेटीच्या चोरतळात ती दडवलेली होती. वीस फुगीर रिव्हॉल्वर असती तर पेटीचा तळ केवढा जाड करावा लागला असता, विचार करा.

त्यातलंच एक पिस्तूल नाशिकला आलं. जून १९०९ मध्ये बाबाराव सावरकरांना जन्मठेप झाली होती, शहरात खदखद होती. २१ डिसेंबरला विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनच्या निरोपासाठी 'संगीत शारदा'चा प्रयोग होता. जॅक्सन संस्कृत जाणणारा, लोकांत 'पंडित' म्हणून ओळखला जाणारा माणूस. तिथे कान्हेरे यांनी त्याला गोळ्या घातल्या. तेव्हा त्यांचं वय सतरा. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे फाशी गेले.

पिस्तुलाची गोष्ट इथे संपत नाही. ते कुठून आलं, या प्रश्नाचा माग लंडनपर्यंत गेला. जॅक्सनच्या खुनाला मदत केल्याच्या आरोपात सावरकरांना ३० जानेवारी १९११ ला दुसरी जन्मठेप झाली. त्या खटल्यातला कळीचा दुवा होता ही वीस पिस्तुलं.

म्हणून म्हणतो, 'रिव्हॉल्वर' लिहिलं की लंडनची पेटी आणि विजयानंदचं दार यांच्यामधली साखळीच तुटते. हुतात्म्यांवरून आपण कमेंटमध्ये तावातावाने भांडतो. भांडा. पण आधी तपशील तरी नीट लिहू. यंदा २१ डिसेंबरची पोस्ट पुढे ढकलण्याआधी तेवढा एक शब्द बदला.