नवशिक्याची निवड आणि मुक्त संगणकप्रणाली

बीदरजवळ नौबाद येथे बहमनी काळातील एक भूमिगत जलमार्ग आहे. जांभ्या दगडातून खोदून नेलेल्या या बोगद्याला स्थानिक लोक सुरंग बावडी म्हणतात. पाणी आत, अंधारातून वाहते. परंतु ठराविक अंतरावर जमिनीतून खाली उतरणारी उभी विवरे ठेवलेली आहेत. कोठे गाळ साचला, कोठे दगड ढासळला, हे त्या विवरांतून उतरून पाहता येत असे. पुढे हा मार्ग बुजून विस्मृतीत गेला. अलीकडच्या काळात त्याची साफसफाई हाती घेतली गेली, तीही ही विवरे मोकळी करीतच. ज्याने तो खोदला त्याच्या वंशजांना शोधून काढून त्यांची परवानगी घेण्याची कोणाला गरज पडली नाही.

संगणकाच्या जगात ज्याला मुक्त प्रणाली म्हणतात, तिचे स्वरूप मला या विवरांवरून नेमके समजावून सांगता येते. संगणक सुरू केल्याबरोबर पडदा, कळफलक, छपाईयंत्र आणि साठवण यांचा कारभार आपल्या हाती घेणारी जी आज्ञावली असते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संचालन प्रणाली म्हणतात. काही प्रणाली बंदिस्त असतात. पाणी मिळते, पण विवर नाही. इतर काही अशा की त्यांचा मूळ मजकूर कोणीही वाचावा, दुरुस्त करावा, दुसऱ्यास द्यावा. नव्याने संगणक शिकणाऱ्याने या दुसऱ्या प्रकारातील कोणती प्रणाली घ्यावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. मात्र त्याचे उत्तर इतिहासातून अधिक चांगले मिळते असे वाटल्यामुळे प्रथम इतिहासाकडे वळतो.

विषय निव्वळ हौसेचा राहिलेला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचे नियमित पाठबळ तिच्या निर्मात्या कंपनीने थांबवले. नव्या विंडोज ११ साठी जी यंत्रसामग्री लागते ती पुष्कळशा जुन्या संगणकांत नाही. बीदर तालुक्यातील कमठाण्यासारख्या गावी एखाद्या दुकानात, पतपेढीत वा घरी असलेला, अद्याप धडधाकट असा संगणक त्यामुळे एकाएकी वृद्ध ठरतो. त्याच्या मालकापुढे दोन मार्ग राहतात. नवे यंत्र विकत घेणे, किंवा जुन्याच यंत्रावर मुक्त प्रणाली बसवणे.

सीमाभागात या प्रश्नाला भाषेचे आणखी एक अंग आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले आणि जुना बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात आले. बीदर, भालकी, हुमनाबाद त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेले. आणखी काही भाग आंध्र प्रदेशाला मिळाला. रेषा नकाशावर पडली, बोली होत्या तेथेच राहिल्या. बीदरच्या बाजारात आजही कन्नड, मराठी, उर्दू, तेलुगू कानांवर पडतात. अशा ठिकाणच्या माणसाच्या संगणकाने कोणती भाषा बोलावी, हे कोणी ठरवायचे?

मुक्त प्रणालीची कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ‘ग्नू’ या प्रकल्पाची घोषणा केली. ज्यास कोणीही हात लावू शकेल अशी संपूर्ण प्रणाली उभारावी, हा त्यांचा संकल्प होता. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अवजारे पुष्कळ तयार केली, पण गाभा तेवढा अपुरा राहिला. तो गाभा १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहिला. पुढल्याच वर्षी त्याने तो स्टॉलमन यांच्या परवान्याखाली खुला केला, आणि ग्नूची अवजारे व लिनक्सचा गाभा यांचा संसार सुरू झाला. या परवान्यातील अट मोठी मार्मिक आहे: घ्या, बदला, वाटा, परंतु वाटताना पुढच्यालाही हाच अधिकार द्या.

गाभा व अवजारे एकत्र बांधून, बसवण्यास सोयीची करून लोकांना देणे याला ‘वितरण’ म्हणतात. ज्वारी एकच, कोणी मऊ भाकरी थापतो, कोणी कलबुर्गीकडची कडक भाकरी करतो, कोणी आंबील करतो. १९९३ साली स्लॅकवेअर आणि डेबियन ही वितरणे निघाली. रेड हॅट त्यानंतर आले. आज अशा वितरणांची संख्या शेकड्यांनी मोजावी लागते, आणि नवशिक्याची पहिली घाबरगुंडी या संख्येपाशीच उडते.

आपल्याकडील पहिल्या पिढीला ही भीती नव्हती, कारण तिला निवडच नव्हती. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले खरे. परंतु टेलिफोनच्या तारेवरून एवढी मोठी प्रणाली उतरवून घेणे म्हणजे चाळणीने विहीर उपसणे. अशा वेळी १९९६ साली ‘पीसी क्वेस्ट’ या मासिकाने अंकासोबत लिनक्सची तबकडी वाचकांना दिली, आणि पुढे अनेक वर्षे हा परिपाठ चालू ठेवला. या उपक्रमामागील एक प्रमुख प्रेरणा म्हणजे अतुल चिटणीस (१९६२–२०१३). बर्लिनमध्ये जन्मलेले आणि बेळगावात वाढलेले हे गृहस्थ पुढे बंगळूरला लिनक्सप्रेमींचे मोठे मेळावे भरवू लागले. बेळगावच्या वादाविषयी वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने भरले. त्याच बेळगावातून आलेल्या माणसाने देशातील हजारो टेबलांवर एक नवी प्रणाली पोचवण्यास हातभार लावला, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. असो.

ती तबकडी घेणाऱ्यांनी कोणते वितरण उत्तम याचा खल केला नाही. जे हाती आले ते बसवले. बसले नाही तर शेजारच्या गल्लीतील, महाविद्यालयातील जाणकारास विचारले. मुंबई, पुणे, बंगळूर येथे वापरकर्त्यांची मंडळे झाली ती या विचारपुशीतूनच. गोव्यात २००२ च्या सुमारास शाळांसाठी परदेशातून वापरलेले संगणक आणवण्यात आले, तेव्हाही लिनक्सच उपयोगी पडले. जुनी यंत्रे आणि रिकामा खिसा यांना दुसरे काय परवडणार होते? रायगड जिल्ह्यातील खैराट-धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत २००७ साली ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या योजनेतील छोटी यंत्रे आली. त्यांतही मुक्त प्रणालीच होती. तिचे नाव मुलांना कळण्याचे काही कारण नव्हते.

दरम्यान भाषेचे काम चालू होते. भारतीय लिप्यांसाठीचे संकेत कानपूरच्या आयआयटीत व पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आकारास आले. नंतर युनिकोडने सगळ्या लिप्या एका सूत्रात ओवल्या. मायक्रोसॉफ्टनेही विंडोज २००० पासून देवनागरीला जागा दिली, हे न्यायाने सांगितले पाहिजे. फरक एवढाच की तेथे मराठी कधी, किती आणि कशी यावी याचा निर्णय कंपनीचा असतो. मुक्त प्रणालीत मराठी माणसे स्वतः कामाला लागली. रेड हॅटने २००४ साली ‘लोहित’ ही मुक्त अक्षरमाला उपलब्ध केली. त्या कंपनीच्या पुण्यातील कार्यालयातून आणि स्वयंसेवकांकडून पडद्यावरील शब्दांचे मराठीकरण होत गेले. ‘फाइल’ ठेवावे की ‘संचिका’ म्हणावे, असे प्रश्न तेथे पडतात. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘फ्यूएल’ या प्रकल्पाने वारंवार लागणाऱ्या शब्दांच्या याद्या करून त्यांवर चर्चा घडवण्याचा पायंडा पाडला. पुण्याच्या शब्दाला बीदरचा माणूस हरकत घेऊ शकतो, आणि ती नोंदवण्याची जागा आहे, हे मला येथे सर्वांत महत्त्वाचे वाटते. हे भाषांतर सर्वत्र पूर्ण नाही. कोठे मराठी, मध्येच इंग्रजी, असा धेडगुजरी पडदा अजूनही दिसतो. पण ती उणीव भरून काढण्याची मुभा ज्याला खटकते त्यालाच आहे.

आता नवशिक्याने काय घ्यावे? ‘सर्वोत्तम कोणते’ हा प्रश्न त्याने बाजूला ठेवावा. त्यावर जाणकारांत एकमत कधी झालेले नाही आणि होणारही नाही. आपल्या ओळखीचा, अडल्यावेळी धावून येईल असा माणूस जे वापरतो ते घ्यावे. तबकडीच्या काळात हेच चालले आणि अजूनही हेच चालते. असा कोणी नसेल तर उबुंटू किंवा लिनक्स मिंट यांपैकी एक. उबुंटू २००४ साली डेबियनच्या पायावर उभे राहिले, आणि २०११ पर्यंत मागणाऱ्यास त्याची तबकडी टपालाने विनामूल्य येत असे. मिंट त्यानंतर दोन वर्षांनी उबुंटूवरून निघाले. विंडोजची सवय असलेल्या हाताला ते परके वाटत नाही. यंत्र फार जुने असेल तर मिंटची ‘एक्सएफसीई’ ही हलकी आवृत्ती पाहावी. उबुंटू घेताना दीर्घ पाठबळाची आवृत्ती घ्यावी. ती दर दोन वर्षांनी निघते आणि पाच वर्षे सांभाळली जाते. सी-डॅकची ‘बॉस’ ही स्वदेशी प्रणालीही डेबियनवरच आधारलेली आहे व भारतीय भाषांचा तीत विचार आहे. केवळ स्वदेशी म्हणून तिची शिफारस मी करणार नाही, कारण अडचण सांगितल्यावर उत्तर देणारे लोक उबुंटूकडे पुष्कळच अधिक आहेत.

प्रणाली थेट बसवण्याची घाई करू नये. ती पेन ड्राइव्हवर घालून संगणक त्यावरूनच चालवता येतो. मूळ प्रणालीला धक्का लागत नाही. छपाईयंत्र चालते का, वायफाय जोडले जाते का, आवाज येतो का, हे दोन-चार दिवस पाहावे. बसवण्यापूर्वी आपली कागदपत्रे, छायाचित्रे वेगळी काढून ठेवावीत. दुकानदाराने आपले हिशेबाचे सॉफ्टवेअर लिनक्सवर चालते का याची चौकशी आधीच करावी. काही चालत नाहीत, आणि मग एका यंत्रावर विंडोज ठेवणे हाच शहाणपणा ठरतो. जुन्या डीटीपी फाँटांत लिहिलेला मराठी अगर कन्नड मजकूर नव्या यंत्रावर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो; त्याचे युनिकोडात रूपांतर करून घ्यावे. शिकण्यासाठी मुंबईच्या आयआयटीचे ‘स्पोकन ट्यूटोरियल’ हे बोलते धडे आहेत. लिनक्सवरील त्यांचे पाठ मराठीतही ऐकता येतात.

प्रणाली बसल्यावर कळफलकाच्या मांडणीत ‘इनस्क्रिप्ट’ निवडून मराठी व कन्नड दोन्ही जोडून घ्याव्यात. ही मांडणी १९८० नंतरच्या दशकात शासकीय पुढाकाराने ठरली आणि १९९१ मध्ये तिला भारतीय मानकात स्थान मिळाले. तिची रचना अशी की भारतीय लिप्यांतील समान अक्षरे समान कळांवर येतात. कमठाण्यातील ‘क’, ‘म’, ‘ठ’ उमटवण्यासाठी बोट जेथे पडते, तेथेच ते लिपी बदलून कन्नडात लिहितानाही पडते.