डाकवाटेवरील घुंगरे

रानामाळांतून धावण्याची शर्यत महाविद्यालयांचे संघ खेळतात. तिच्यात धाव ज्याची त्याची असते, पण निकाल ठरावीक गड्यांच्या क्रमांकांची बेरीज करून लागतो. पहिला आलेला गडी एकटा संघाला तारू शकत नाही. मागून धापा टाकीत येणाऱ्याचाही हिशेब धरला जातो. आवडीचे गाणे ऐकत सराव करणारे तरुणही हल्ली पुष्कळ दिसतात. धाव, संघ आणि नाद यांचा हा मेळ नवा वाटतो खरा. परंतु नागपूरच्या वाटांना तो जुनाच आहे.

१८१७ साली सीताबर्डीची लढाई झाली आणि भोसल्यांच्या राज्यावर इंग्रजांचा वरचष्मा बसला. पुढे मुंबई-कलकत्त्याची डाक नागपुरावरून, रायपूर-संबलपूरच्या अरण्यांतून जाऊ लागली. आगगाडी नव्हती, पत्रे जात ती माणसाच्या पायांवर. काही मैलांचा टप्पा संपला की चौकी येई, आणि थैला दुसऱ्या हरकाऱ्याच्या खांद्यावर चढे. हातातील भाल्याला घुंगरे बांधलेली असत. त्यांच्या आवाजाने श्वापदे दूर राहत, आणि पुढच्या चौकीवरील गडी तो नाद ऐकून कंबर कसून उभा राही. बंगालमध्ये तर १७७४ च्या डाकव्यवस्थेत रात्रीच्या धावेला मशालजी आणि डुगडुगीवालाही सोबत दिलेला असे.

हा नाद मौजेचा नव्हता. पावसाळ्यात कन्हान आणि वैनगंगा दुथडी भरून वाहत; रात्री रानात वाघाचे भय असे. एक गडी वाटेत पडला की सबंध मार्गाची डाक खोळंबे. १८५७ च्या धामधुमीत संबलपूरकडे उठाव झाला, तेव्हा ही वाट अडली आणि तिचे मोल राज्यकर्त्यांना कळून चुकले. १८५४ पासून पाव तोळ्याचे पत्र हिंदुस्थानात कितीही दूर अर्ध्या आण्यात जाऊ लागले होते. त्या अर्ध्या आण्याच्या सोयीमागे किती अनवाणी पावले झिजली, याचा विचार पत्र फोडणाऱ्याच्या मनात क्वचितच येई.

१८६७ साली मुंबईची आगगाडी नागपुरास पोहोचली. पूर्वेकडे मात्र रूळ हळूहळू वाढत गेले. १८९१ साली बंगाल-नागपूर रेल्वेचा मार्ग आसनसोलपर्यंत जोडला गेला, आणि या वाटेवरील घुंगरे मुकी झाली.

बंगाली कवी सुकांत भट्टाचार्य यांनी अशाच डाकवाल्यावर ‘रानार’ ही कविता लिहिली. सलील चौधरी यांनी तिला चाल लावली आणि हेमंतकुमारांनी ती गायिली. भाल्याच्या टोकाशी वाजणारा नाद असा पुन्हा गाण्यात आला. नागपूरच्या वाटेवरील हरकाऱ्यांची नावे कोणी आठवणीत ठेविली नाहीत; पण एकाने दुसऱ्याच्या हाती दिलेला थैला मुक्कामास पोहोचत राहिला, आणि त्या संघाचा निकाल तेवढ्यानेच लागत असे.