आखाताला आलेला तांबडा बहर

मंडळी, 'दुखान' वाचून तुम्हाला 'दुकान' आठवलं असेल तर तुमचा दोष नाही. अरबीत दुखान म्हणजे धूर. कतारचं पहिलं तेल १९३९-४० च्या सुमारास इथेच लागलं, पण तेलाची गोष्ट सगळेच सांगतात. मला पाण्याची सांगायची आहे. या देशात नदी एकही नाही. पिण्याचं जवळजवळ सगळं पाणी समुद्राचं खारं पाणी गोडं करून मिळतं. म्हणजे समुद्र नासला की नळ धोक्यात!

ऑगस्ट २००८ मध्ये अमिरातीच्या पूर्व किनाऱ्यावर पाणी तांबूस-तपकिरी दिसू लागलं. आपल्या विहिरीतल्या शेवाळासारखं हे काही नव्हतं. कॉक्लोडिनियम नावाचे, साखळी करून पोहणारे एकपेशीय जीव होते ते. आखातात त्यांची आधी नोंदच नव्हती. होर्मुझमधून ते आत शिरले आणि अमिराती, ओमान, इराण, कतार मिळून १२०० किलोमीटरहून जास्त किनारा त्यांनी गाठला. हजारो टन मासे मेले, प्रवाळ मेले.

हे पाहुणे आले कुठून? त्यांचं जनुकीय गोत्र अमेरिका-मलेशियाकडच्या जातीशी जुळलं, त्यामुळे संशय गेला जहाजांवर. रिकामा टँकर तोल सांभाळायला पोटात समुद्राचं पाणी भरून येतो आणि इथे तेल भरताना ते ओतून टाकतो. पाण्याबरोबर बीजही येतं. पण नुसतं बीज पडून भागत नाही, खत लागतं. ते किनाऱ्यावरच्या शहरांचं सांडपाणी पुरवतं, शिवाय अरबी समुद्राच्या तळाचं पोषक पाणीही वर येतं. जहाजांच्या या पाण्यावरचा आंतरराष्ट्रीय करार २००४ सालचा, लागू झाला २०१७ मध्ये. बैल गेला नि झोपा केला!

इंजिनियरला खरा घाम फुटतो तो पुढे. रिव्हर्स ऑस्मॉसिसचे पडदे या जीवांच्या बुळबुळीत चिकट्याने तुंबतात. अमिरातीतले काही प्रकल्प त्यापायी बंद ठेवावे लागले. पाणी उकळून वाफ धरणारे जुने कारखाने त्या मानाने दणकट, पण इंधन खातात, त्यामुळे नवे प्रकल्प पडद्यांकडेच वळले. मग पडद्यांच्या आधी बारीक बुडबुडे सोडून शेवाळ दुधावरच्या सायीसारखं वर आणायचं आणि काढून टाकायचं, ही पद्धत आखातात रुळली.

डिसेंबर २०१८ मध्ये कतारने पाण्याच्या अवाढव्य टाक्या सुरू केल्या. देशाला आठवडाभर पाणी पुरावं असा त्यांचा हिशेब. २००८ चा तो बहर आठ-नऊ महिने टिकला होता.